लपवलेलं बटण

"बॅटरी ठणठणीत, फ्यूज नवे, मग करंट तडमडलाय कुठे?" डॅशबोर्डखालून अण्णा करवादले. पंच्याहत्तरीतही ते आपल्या साठ सालच्या गाडीत उताणे पडून एकेक वायर तपासत होते. बाजूला प्रमिलाबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. चहा केव्हाच निवला होता.

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून अण्णांनीच पूर्वी स्टिअरिंगमागे एक बटण लपवलं होतं. ते बंद केलं की गाडी ढिम्म. वापरात नसल्यामुळे अण्णा ते विसरले होते. प्रमिलाबाई विसरल्या नव्हत्या. परवा रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलगी अण्णांना दिसलीच नाही. प्रमिलाबाई किंचाळल्या म्हणून ब्रेक लागला. घरी पोचताच त्यांनी ते बटण गुपचूप बंद केलं होतं.

वायर चाचपत अण्णांचा हात त्या बटणापर्यंत गेला आणि थबकला. प्रमिलाबाई एक पाऊल मागे सरकल्या. आता हे घर डोक्यावर घेणार!

अण्णा सावकाश बाहेर आले. निवलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि बायकोकडे न बघता किल्ली तिच्या हातावर ठेवली. "वायरिंगच गेलंय गं सगळं. आता नाही चालायची ही."