सहाव्या पाकिटातली फांदी

"पानं चुकलीत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद परत सरकवला.

वनस्पतिचित्रांच्या वर्गात हे वाक्य रोज कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला यायचं. बाईंनी तीस वर्षं झाडं काढण्यात घालवली होती आणि त्या धांदलीत कुणाचं कौतुक करायचं तेवढं राहून गेलं होतं. पण आज ते वाक्य भिंगवाल्या काकूंच्या वाट्याला आलं, म्हणून सगळ्यांनी माना वर केल्या. काकू चुकायच्या नाहीत. दीड वर्षापूर्वी धड सरळ रेघ ओढता न येणारी ही बाई आता पानावरची लवसुद्धा मोजून काढायची. हौस म्हणून नव्हे. तिला आपला मुलगा शोधायचा होता.

तीन वर्षांपूर्वी तो बापाशी कडाक्याचं भांडून घराबाहेर पडला. झाडपाल्यामागे हिंडणं हे काही काम नव्हे, असं बाप म्हणाला होता. आणखीही बरंच म्हणाला होता. आठ महिन्यांनी पहिलं पाकीट आलं. चिठ्ठी नाही, पत्ता नाही, टपालाचा शिक्का भलत्याच गावचा. आत दाबून वाळवलेली एक फांदी, पानाफुलांसकट. तिच्या लेखी ते पत्रच होतं. मग दर चार-पाच महिन्यांनी एकेक पाकीट येत गेलं. दर वेळी शिक्का निराळा.

झाड ओळखता आलं तर ते कुठे उगवतं हे कळेल, आणि तिथेच कुठेतरी पोरगा सापडेल, असं तिने मनाशी धरलं. मुलीने मोबाइलवर फोटो काढून संग्रहालयात पाठवले. तिथल्या तज्ज्ञांनी कळवलं, असल्या धूसर फोटोंवरून काही सांगता येत नाही. नमुना पाठवा, नाहीतर नेमकं चित्र. नमुना हातातून सोडायची तिची तयारी नव्हती. टपालात गहाळ झाला तर? म्हणून ती वर्गाला जाऊ लागली. हात पक्का होईपर्यंत तिने त्या फांद्या तिथे कुणाला दाखवल्यासुद्धा नाहीत. आज पहिल्यांदाच तिने सहाही आणल्या होत्या आणि सहावीचं चित्र बाईंपुढे ठेवलं होतं.

"डोळ्यांच्या खाचा करून घेशील," नवरा म्हणायचा. त्याचं पुस्तकबांधणीचं काम. घराच्या पुढल्या खोलीत कागदांच्या चळती आणि पिठाच्या खळीचं पातेलं कायमचं मांडलेलं. पाकीट आलं की तो उठून बाहेर जायचा. फांदीला त्याने कधी बोट लावलं नाही. मुलगी तरी वेगळं काय सांगायची? शाळांना प्रयोगशाळेचं सामान विकणारी ती पोर, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. घरी आली की म्हणायची, "आई, तो बरा आहे एवढं कळतंय ना? मग कशाला खणत बसतेस?"

"कुठे चुकलं, बाई?" काकूंनी विचारलं.

"या फुलाच्या झाडाला पानं समोरासमोर येतात, जोडीनं. तुम्ही एकाआड एक काढलीत."

"दिसली तशीच काढली. तुम्हीच सांगता ना, माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा."

"मग दिसलंच चुकीचं." बाई स्वतःचं भिंग घेऊन फांदीवर वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. मग त्यांनी सुईच्या टोकाने एका पानाचं देठ हलकेच उचललं. देठ सुटून आलं. खाली पांढरी खळ सुकली होती.

"तुमचं चित्र बरोबर आहे, काकू," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा खाली कधी आला नव्हता. "फांदीच खोटी आहे. एका झाडाचं फूल, दुसऱ्याची पानं. असं झाड जगात कुठेही उगवत नाही."

आधीच्या पाचही त्यांनी भिंगाखाली घेतल्या. सगळीकडे तीच खळ.

घरात खळ कोण वापरतं, हे सांगायला तज्ज्ञ नको होता. घरी जाताना अर्धा रस्ता ती नवऱ्यावर संतापत चालली. उरलेल्या अर्ध्या रस्त्यात संताप ओसरला. ज्याने पोराला घालवलं, तोच तिला जगवण्यासाठी गुपचूप पानं चिकटवत बसला होता. आणि पोराकडून? काहीच नाही. तीन वर्षांत एक पानही नाही. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून ती पोटभर रडली. मग तिने तोंड पुसलं आणि ठरवलं, त्याला उघडं पाडायचं नाही. एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

मुलगी सकाळीच फिरतीवरून परतली होती. स्वयंपाकघरात कपबश्या विसळत होती. नवरा एका जाड वहीची पानं शिवत होता.

"काय म्हणाल्या तुझ्या बाई?" त्याने आज पहिल्यांदाच विचारलं.

"ओळखलं त्यांनी." ती चपला काढत म्हणाली, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागलं नाही. "दुर्मीळ झाड आहे म्हणे. सरहद्दीकडच्या थंड डोंगरांतच होतं. तो तिथेच असणार."

त्याचा हात थांबला. "खरं सांगतेस?"

"अहो, खोटं कशाला सांगू?"

त्याने वही बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"मला वाटायचं, ही पाकिटं तूच बनवतेस," तो म्हणाला. "माझा राग निवावा म्हणून. म्हटलं, तुला तेवढाच आधार, आपण कशाला बोला? पण तो आहे गं! आपला पोरगा आहे!" त्याने स्टूल घेतलं, माळ्यावरची बॅग खाली ओढली, तिच्यावरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली. "उद्याच निघतो. पाया धरतो त्याचे. आणतोच बघ."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ओल्या हातांनी मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिने एकदा खळीच्या पातेल्याकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "ती बॅग ठेवा खाली."