फ्रीजरचं दार

इजिप्तमधल्या दमिएत्ता शहराच्या दमट मे महिन्यात इनासच्या उभ्या फ्रीजरमध्ये दुसऱ्यांदा बोटभर बर्फ साचला, आणि तरीही हंगामात सोलून ठेवलेले वाटाणे मऊच पडले. मेकॅनिक बरकतने दारात कागद धरून रबर तपासलं. कागद जागचा हलेना.

“मशीन ठणठणीत आहे, ताई. कुणीतरी दार बराच वेळ उघडं ठेवतंय. दिवसा घरी कोण असतं?”

“कुणीच नाही. मी शाळेत शिकवते, नवरा फर्निचरच्या कारखान्यात.”

पण खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सासूकडे घराची किल्ली होती. इनासचं डोकंच फिरलं. उद्या म्हातारीला रंगेहाथ पकडायचंच, असं ठरवून दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून निघाली. बाराच्या उन्हात जिना चढली, हलकेच कुलूप उघडलं आणि थेट स्वयंपाकघरात शिरली.

फ्रीजरचं दार सताड उघडं होतं. समोर स्टुलावर नुसत्या बनियनमध्ये बसला होता तिचा नवरा, शौकी. मांडीवर तिने सकाळी भरून दिलेला डबा.

“तू? या वेळी घरी? आणि हे दार कशाला उघडं टाकलंयस?”

“हळू बोल ना.” त्याने तिचा हात धरला. “जीव उकडतो गं. खडखडणारा पंखा लावला तर खाली आईला ऐकू जातं.”

“मग जाऊ दे की! तिच्यापासून काय लपवायचंय?”




“ईदच्या आधीच काढलं मला कामावरून. दोन महिने झाले.”