सत्तर पावलं

मारामारीचा शॉट चोवीसच्या लेन्सने घ्यायचा नाही, यावर कॅमेरा चालवणारी चेतना अडून बसली.

दिग्दर्शक नवलला चोवीसच हवी होती. ती रुंद लेन्स लावून कॅमेरा काठीच्या टप्प्यात नेला, की फटका आपल्याच अंगावर येतोय असं बघणाऱ्याला वाटतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण रुंद लेन्सपुढे खोटा फटका खपत नाही. काठी आणि डोकं यांच्यातली फट लगेच दिसते. तिने पेटीतून एकशे पस्तीसची लांब लेन्स काढली. हिने दुरून घेतलं तर दोन हात लांबून गेलेली काठीही बसल्यासारखी दिसते आणि कोणाला खरचटतही नाही, असं तिने त्याला समजावलं.

तिच्या हट्टाला कारण होतं. सिनेमात बांधावरून भांडणारे दोन भाऊ नवलने ब्राह्मणपुरी गावातूनच उचलले होते. गोपाल आणि हेमराज, सख्खे चुलतभाऊ. शेताला शेत लागून, आणि खरोखरच्या बांधावरून दोन वर्षं बोलणं बंद. हेच दोघे कशाला, असं तिने पहिल्या दिवशीच विचारलं होतं. नवल हसला होता.

"यासले राग शिकाडना पडत नही."

शेवटी तो लांब लेन्सला कबूल झाला. तोडणी झालेल्या उसाच्या शेतात चेतना सत्तर पावलं मागे गेली आणि तिने तिवई रोवली. नवल भावांपासून दहा पावलांवर, बाभळीखाली, हातात मॉनिटर घेऊन उभा राहिला. युनिटमधले बाकीचे चौघे त्याच्या मागे. शेजारच्या शेतात उसाचा ट्रॅक्टर रुतून घुरघुरत होता. आवाज नंतर भरायचा होता, म्हणून कोणी त्याला थांबवलं नाही.

दोन टेक वाया गेले. गोपालच्या हातात फोमची रंगवलेली काठी होती, आणि ती तशीच दिसत होती. काठीला वजनच नाही, गवत झोडपतोस का, असं नवल सगळ्यांदेखत त्याला बोलला. ढेकळांत पडलेला हेमराज फिसकन हसला. गोपाल बांधाकडे गेला, पाणी प्यायला आणि परत येऊन जागेवर उभा राहिला.

तिसरा टेक सुरू झाला. चेतनाने गोपालच्या चेहऱ्यावर फोकस धरला. त्याचा जबडा इतका आवळला होता की कानाजवळची शीर उडताना दिसत होती. इतकं चांगलं काम त्याने आधी केलं नव्हतं. मग काठी वर गेली आणि तिच्या टोकाला लोखंडी कडं चमकलं.

ती शेतावरच्या रखवालदाराची, उदेसिंगची, खरीखुरी लाकडी डांग होती. फोमची काठी मागे बांधावर पडली होती.

"थांबा!" चेतना ओरडली. ट्रॅक्टरच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

पहिला फटका खांद्यावर बसला. हेमराज किंचाळला, तशी चौघांपैकी एकाने खुशीत शिट्टी वाजवली. चेतना कॅमेरा सोडून पळत सुटली. उसाची खोडकं पायात घुसत होती. दुसरा फटका हेमराजने हातावर झेलला आणि तो हात कोपराखाली भलतीकडेच वळला. नवलची मान मॉनिटरमधून वर आली नाही. तिसरा डोक्यात बसला.

ती पोचून डांगेला लटकली तेव्हा गोपालने ती मुकाट्याने सोडून दिली. हेमराजच्या कानातून रक्त येत होतं. एक पाय माती खरवडत होता. तिने ओढणी त्याच्या डोक्याला गुंडाळली, ती बघता बघता भिजली. उदेसिंग आणि इतरांनी त्याला उचलून गाडीत घातलं.

अर्ध्या तासाने फोन आला. शहाद्याच्या दवाखान्यात नेताना वाटेवरच हेमराज गेला होता.

गोपाल होता तिथेच उकिडवा बसला होता. नवल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"हाई काय करं रे तू?"

गोपालने मान वर केली. आवाज अगदी शांत होता.

"तुम्हीन कट सांगं नही, नवलदादा."

नवलने मॉनिटर उलटा करून छातीशी धरला.