गावाकडची खिडकी

कूलर काही केल्या गार करीना. बन्सीधरनं तो जिंतूरहून हौसेनं आणून दारात बसवला होता, ये-जा करण्यापुरत्या उरलेल्या फटीला गोधडी लावली होती. सकाळपासून तो घागरीमागून घागरी पाणी पीत घरघरत होता आणि खोली मात्र जास्तच चिकचिकत होती. पाळण्यातली तान्ही पोर घामोळ्यानं लालेलाल. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"ऐन उन्हाळ्यात घरात पावसाळा आणलास बाबा," धुरपताबाई लेकाला म्हणाली.

"त्याचा दोष न्हाई, माय. हवा आत यायलीय, पण तिला बाहेर जायला वाटच न्हाई. तीच ओली हवा कोंडायलीय. समोरची खिडकी उघडली तरच गारवा धरंल."

समोर खिडकी कुठली, विटाच होत्या. नामांतराच्या दंगलीत त्याच खिडकीतून पेटता बोळा आत आला होता. एवढ्याशा बन्सीधरला ओढत धुरपताबाई कशीबशी बाहेर पडली होती. घर पुन्हा उभं राहिलं, पण वस्तीतून गावाच्या दिशेला उघडणारी ही खिडकी तिनं बुजवून घेतली. औंदा संक्रांतीला विद्यापीठाला नाव लागलं, वस्तीत पेढे वाटले, तरी विटा तशाच.

"पहार आणू?" त्यानं दर उन्हाळ्यासारखं विचारलं.

"घामानं कुणी मरत न्हाई. खिडकीतून काय येतं ते मी बगितलंय."

सून मालननं वाद घातला नाही. लेकरू उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं.

"हिनं न्हाई ना बगितलं, आत्याबाई."

पोरीचं अंग चटका बसावा असं तापलं होतं.  भ्या धुरपताबाईचं होतं, अन् भोगायला लागलं होतं हे एवढंसं लेकरू.

"आण पहार," ती म्हणाली. "पयला घाव मीच घालते."

विटा मातीतच बसवलेल्या, त्यांनी फार तग धरला नाही. भगदाड पडलं तशी कोंडलेली हवा भसकन बाहेर निघाली आणि मागून वाळ्याचा वास घेऊन गार झुळूक आली. घटकाभरात पोर निजली. बन्सीधरनं कूलर कमीवर घेतला, तरी गारवा हटेना.

धुरपताबाई मात्र पहार धरून भगदाडासमोर बसून राहिली.

उन्हं कलताना रस्त्यावर पावलं वाजली आणि भिंतीशी येऊन थांबली. तिनं पहार आवळली.

बाहेर डोईवर कडब्याची पेंढी घेतलेली सरजाबाई होती, गावातल्या वरच्या आळीची. तिच्या रानात धुरपताबाईनं उभी हयात कापूस वेचला होता. आतून येणारा वारा तोंडावर घेत ती डोळे मिटून उभी होती.

"लय गार सोडायलंय गं तुजं घर," ती म्हणाली. "जरा उभी राहू का?"

 धुरपताबाईनं पहार भिंतीला टेकवली.

"उभ्या कामून? आत या की."

सरजाबाईनं डोळे उघडले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाहिलं. मग पेंढी उतरवून भिंतीशी ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

"दार कुठल्या अंगाला हाय गं तुजं?"