शेवटचा कोरा पास

कोंबड्यांच्या हॅचरीत नवं सॉफ्टवेअर बसवल्यापासून पासवरचा मजकूर एक ओळ खाली घसरत होता. कारकूनबाईंकडे एकच कोरा पास उरला होता. पासशिवाय नाक्यावर ट्रक सोडत नसत. आधीच्या पासवर चालकाच्या नावाच्या जागी ‘चार हजार पिल्ले’ उमटलं होतं. “बाई, मला काहीही नाव ठेवा, पण पिल्लं उन्हात गुदमरतायत,” ड्रायव्हर म्हणाला. फोनवरून सॉफ्टवेअरवाल्याने विचारलं, “ताई, कागद कुठपर्यंत सरकवता?” “खुणेपर्यंत.” “कसली खूण?” “प्रिंटरवर नेलपॉलिशचा ठिपका लावलाय मी, जुन्या प्रोग्रॅमसाठी,” बाई चाचरल्या. “नवा प्रोग्रॅम वर एक ओळ कोरी सोडतो. कागद तेवढा मागे घ्या.” वीस वर्षांत ठिपका कधी चुकला नव्हता. बाईंनी रोलर मागे फिरवून बटण दाबलं. पास ओढून ड्रायव्हर न वाचताच पळाला. त्यांनी कार्बनप्रत उजेडात धरली. चालकाच्या जागी चालक होता, पिल्लांच्या जागी पिल्लं.