थेरं

जुन्या संधिवातानं रंजनाबाईचा डोळा लागायचा नाही. शहाद्याच्या डॉक्टरांनी औषधासोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू केल्या, तेव्हा कुठे चार तास झोप मिळू लागली. नवरा धुडकू गोळ्यांना थेरं म्हणायचा. आज संध्याकाळी तिनं ज्वारीचं पीठ मळलं, सुजलेली बोटं फडक्याला पुसली आणि गोळीसाठी डबी उघडली. डबी रिकामी. कालच महिनाभराच्या भरल्या होत्या. “म्हैस दूध कमी दी ऱ्हायनी, म्हनीन तिले चारी दिन्यात,” धुडकू खाटेवरून म्हणाला. “कॅल्शियम ते कॅल्शियम. तुन्ह्या गोळ्या सकाय लई येसू.” इतकी वर्षं जी थेरं होती, ती म्हशीचं दूध आटताच औषध झाली. रंजनाबाईनं पिठाची परात गोठ्यात नेऊन म्हशीपुढे आदळली. धुडकू धडपडत उठला. “आते भाकरी तिलेच थापाले सांगा,” ती म्हणाली आणि त्याच्याच रिकाम्या खाटेवर आडवी झाली.