दोन ओळी

बालमित्र विश्रामचं पत्र येऊन दीड वर्ष झालं होतं. "बायको गेल्यापासून घरात आवाज नाही. दोन ओळी तरी लिही." मी अकरा वेळा उत्तर लिहिलं, पण दर वेळी शब्द तोकडे वाटले आणि ते कागद शब्दकोशात दडवले.

परवा नातीने कुत्र्याचं पिल्लू आणलं. आज सगळ्यांत शेवटी निघालेली सून चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, एकटं ठेवलं की रडतं ते. जरा बोलत बसा त्याच्याशी."

बोलत बसा! या घाईच्या घरात माझी बोलायची सवयच गेली होती. पिल्लू दाराशी रडू लागलं. काहीच सुचेना, तेव्हा शब्दकोशातला पहिला कागद काढून मोठ्याने वाचू लागलो. "प्रिय विश्राम, काय लिहावं कळत नाही. तुझी रोज आठवण येते."

रडणं थांबलं. पिल्लू सरकत आलं आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपी गेलं.

दुसरा कागद मी उघडलाच नाही. पहिलाच खाडाखोडीसकट पाकिटात घातला. पिल्लू जागं झाल्यावर त्याला काखेत घेऊन टपालपेटीपर्यंत गेलो. पाकीट आत पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.